धुतलेल्या सोंगट्या

शिवाप्पाला बोलायची हौस होती आणि त्याचा बोलायचा लाडका विषय होता जात. जात कशी खोटी, ती माणसानं आपल्या सोयीसाठी कशी रचली, बसवण्णांनी ती मुळासकट कशी उपटून टाकली, हे तो कचेरीत चहाच्या सुट्टीत सांगायचा, बसव जयंतीच्या सभेत माईक हातात आला की सांगायचा, आणि एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी पावण्याला कागलपासून कोल्हापूरपर्यंत सांगत यायचा. पावणं खिडकीबाहेर बघत बसलं तरी ह्याचं चालूच. बरं, त्यातला एक शब्दही तो वरवरचा बोलत नव्हता. सगळं त्याला मनापासून पटलेलं होतं. पटलेलं आहे एवढ्यावरच तो स्वतःवर फार खूश होता, ही त्याची खोड म्हणा हवं तर.

घर शनिवार पेठेत. घरात आई, जिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची, बायको नीलम्मा आणि पाच वर्षांची रक्षिता. माणसं मूळची संकेश्वरकडची. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि घरातलं भांडण रंगात आलं की ते कानडीत व्हायचं. शिवाप्पा सरकारी कचेरीत कारकून होता. शेजारच्या टेबलावर यल्लाप्पा. दोघं एकाच साली नोकरीला लागले होते, आणि साहेबांच्या शिव्याही त्यांनी बहुतेक वेळा जोडीनंच खाल्ल्या होत्या.

यल्लाप्पा बौद्ध. आजीनं सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला आणि नातू झाला, म्हणून हे नाव. पुढं घरानं दीक्षा घेतली तरी नाव चिकटलं ते चिकटलं.

"नाव देवीचं आणि देव मानत न्हाय. असलं कसं रं तू?" शिवाप्पा त्याला डिवचायचा.

"नाव आज्जीनं दिलं, अक्कल बाबासाहेबांनी दिली," यल्लाप्पा म्हणायचा. "तुला दोन्ही घरातनंच मिळाल्यात, त्यामुळं तुझी पंचाईत हाय."

असली चेष्टा त्या दोघांनाच शोभायची. तिसऱ्यानं केली असती तर कचेरीत फायली उडाल्या असत्या.

दर रविवारी सकाळी शिवाप्पा लुना काढून सिद्धार्थनगरात यल्लाप्पाच्या घरी जायचा. तिथं सोंगट्यांचा डाव पडायचा. पट म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखलेली चार पट्ट्यांची फुली, सोंगट्या प्लॅस्टिकच्या, कवड्या मात्र खऱ्या. यल्लाप्पा आणि त्याची बायको सोनूबाई एकीकडं, शिवाप्पा आणि यल्लाप्पाची चौथीतली मुलगी साक्षी दुसरीकडं. साक्षीला खेळ शिकवला तो शिवाप्पानंच. एका घरात आपल्या दोन सोंगट्या बसल्या की त्यांचं जुग होतं आणि जुगाला एकटी सोंगटी मारू शकत नाही, हे कळल्यापासून पोरगी जुगाच्या मागंच लागली होती. जुग झालं की ती अशी ओरडायची की शेजारची माणसं दारात येऊन बघायची. शिवाप्पाला ती काका म्हणायची, पण बाहेर कुणाला सांगायचं झालं तर म्हणायची, "त्ये माझं भिडू हायत." हा शब्द ऐकला की शिवाप्पाला आपण सभेत केलेल्या सगळ्या भाषणांचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं.

सोनूबाईंच्या हातचे पोहे तो दोनदा मागून घ्यायचा. पोहे खाल्ल्याचं घरी मात्र कधी बोलला नव्हता. अव्वानं विचारलं नाही, आपण सांगितलं नाही, यात लपवण्यासारखं काय, असं तो स्वतःला समजवायचा. आणि इतक्या वर्षांत यल्लाप्पा त्याच्या घरी बाहेरच्या खोलीपलीकडं कधी आला नव्हता. तेही असंच. वेळ आली नाही, एवढंच.

त्या साली यल्लाप्पाला बढती मिळाली. कचेरीत पेढे वाटले गेले, तोंडं गोड झाली आणि पाठ वळल्यावर तीच तोंडं कडू झाली. राखीव जागा, कोटा, नशीब काढलं, असली कुजबुज. मराठवाड्यातल्या विद्यापीठाच्या नावाचा वाद तेव्हा पुन्हा तापला होता, त्यामुळं कुजबुजीला रोज नवं सरपण मिळायचं. शिवाप्पा सगळ्यांवर तुटून पडायचा. पण खरं सांगायचं तर पेढा गिळताना त्याच्याही पोटात बारीकशी कळ आली होती. एकाच साली लागलो होतो, मग तो वर आणि मी इथंच. त्या कळेची त्याला इतकी लाज वाटली की ती नाहीच हे सिद्ध करायला त्यानं चहाच्या टपरीवर, चारचौघांत, मोठ्या आवाजात सांगून टाकलं:

"यल्लाप्पा, दिवाळीच्या पाडव्याला जेवायला माझ्या घरी. आनि जेवण झालं की आमच्या आज्जाच्या पटावर बसायचं!"

आज्जाचा पट ही शिवाप्पाच्या घरातली मानाची गोष्ट. मखमली पट आणि पितळी सोंगट्या, डोक्यावर लाखेचा रंग दिलेल्या. त्या देवघराखालच्या खणात असायच्या आणि फक्त पाडव्याला बाहेर निघायच्या. महादेव-पार्वती त्या दिवशी सारीपाट खेळतात म्हणून घरातल्यांनीही खेळायचं, असा रिवाज. त्या दिवशी टपरीवरनं कचेरीत परतताना शिवाप्पानं यल्लाप्पाला तो रिवाज मोठ्या कौतुकानं समजावून सांगितला.

"सकाळी चिंच लावून सोंगट्या धुवायच्या, विभूती लावायची, मग डाव. पर एकदा खेळून झालं की त्यास्नी पाणी लावायचं न्हाय. हायत तशा खणात. पाणी लावलं तर वर्साचं दान धुऊन जातंय म्हनायचा आज्जा."

"आनि आमच्यासारखा देव न मानणारा खेळला तर?"

"तर महादेव हरतोय," शिवाप्पा म्हणाला आणि दोघं रस्त्यात उभे राहून हसले.

पाडव्याला यल्लाप्पा आला, साक्षी आली. सोनूबाई आल्या नाहीत. डोकं दुखतंय, असा निरोप. नीलम्मानं निरोप ऐकला आणि एक पान कमी केलं. अव्वाला शिवाप्पानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, तेव्हा ती "येऊ द्या की" एवढंच म्हणाली होती. त्या 'की'चा अर्थ लावण्यात शिवाप्पाची रात्र गेली होती.

जेवणं माजघरात झाली. पुरणाची होळगी, त्यावर तूप, कटाची आमटी. यल्लाप्पानं चष्मा काढून बाजूला ठेवला आणि मन लावून जेवला. पंगतीला आणखी एक पाहुणा होता, नीलम्माचा भाऊ मल्लेश. शिरोळला त्याचं खताचं दुकान होतं आणि तोंडाला झाकण नव्हतं. पण पटाला चार माणसं लागतात, म्हणून शिवाप्पाला तो आलेला बरंच वाटलं. साक्षी हट्टानं आपल्या भिडूसमोर बसली, त्यामुळं यल्लाप्पाच्या वाट्याला मल्लेश आला.

"एक नियम," शिवाप्पानं कवड्या हातात घेत जाहीर केलं. "पटावर राजकारण न्हाय."

नियम पहिल्या चार दानांपुरता टिकला.

"न्हाय, मी काय म्हनतो," मल्लेश कवड्या खुळखुळवत म्हणाला, "त्या विद्यापीठाचं नाव बदलून पोरं काय जास्त शिकणार हायत काय?"

"मल्लेश, दान टाक."

"टाकतो की दाजी. नुसतं इचारलं."

यल्लाप्पा हसला. "नावानं काय हुतंय म्हनतोस व्हय? मग ते बदलू नये म्हून लोकांची घरं कशाला जाळली रं?"

मल्लेशनं कवड्या मुठीत आवळल्या. त्यानं दान टाकलं, दहा पडले, आणि त्या आनंदात तो विषय विसरला असं वाटलं. पण मल्लेश एक विषय विसरला की त्याला दुसरा आठवायचा.

"बरं ऱ्हाऊ दे. तुमी देव मानत न्हाय, मग पाडव्याला कसं काय आला?"

"बळीचा दिवस हाय न्हवं आज? बळी आमचा. त्याला पाताळात ढकलला त्यो देव तुमचा." यल्लाप्पानं नीलम्माकडं बघून हात जोडले. "आनि वैनींची होळगी सगळ्यांची."

नीलम्मा पदराआड हसली. अव्वासुद्धा देवघराच्या उंबऱ्यावर बसली होती तिथं तिच्या तोंडाची सुरकुती हलली. शिवाप्पाला वाटलं, जमलं. याचसाठी केला होता सगळा खटाटोप. आणि तेवढ्यात मल्लेश म्हणाला:

"मग बरोबर हाय. आता बळीचंच राज्य आलंय की. बढत्या बी तिकडंच."

हसणं थांबलं. साक्षी सोंगटी हातात धरून एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागली. यल्लाप्पानं मान खाली घातली नाही, तो सरळ शिवाप्पाकडं बघत होता. त्याच्या बघण्यात राग नव्हता. इतक्या वर्षांत ऐकलेल्या इतक्या भाषणांतलं एखादं वाक्य आता येईल, अशी तो वाट बघत होता.

शिवाप्पाच्या जिभेवर वाक्यं कमी होती का? पण मेव्हणा, सण, बायकोचं तोंड, उंबऱ्यावरची अव्वा. आणि ती पेढ्याच्या वेळची कळ. ती नेमकी त्याच वेळी पोटात हलली.

"मल्लेश, तुझी सोंगटी मरतीया बघ," तो म्हणाला आणि मल्लेशची सोंगटी मारली.

"मरू दे," यल्लाप्पा म्हणाला. "दुसरी हाय."

डाव पुढं चालला. शिवाप्पा आणि साक्षी जिंकले. पोरगी नाचली, रक्षितालाही तिनं नाचवलं, सोंगट्या दोन्ही हातांत घेऊन कानाशी खुळखुळवल्या. निघताना यल्लाप्पानं अव्वाला वाकून नमस्कार केला. अव्वानं पाय मागं घेतले की जागच्या जागी हलवले, हे शिवाप्पाला नीट दिसलं नाही. त्यानं नीट बघितलंच नाही.

ते गेल्यावर मल्लेश बाहेरच्या खोलीत आडवा झाला. नीलम्मा स्वयंपाकघरात गेली. अव्वा उंबऱ्यावरच होती. तिनं पटाकडं बघितलं, पटावर पसरलेल्या सोंगट्यांकडं बघितलं आणि मग देवघराखालच्या उघड्या खणाकडं बघितलं.

शिवाप्पानं सोंगट्या परातीत गोळा केल्या. परात घेऊन तो परसातल्या नळावर गेला. चिंचेचा कोळ सकाळचा शिल्लक होता. तो उकिडवा बसला आणि एकेक सोंगटी चोळायला लागला. कशासाठी, असं त्याला तेव्हा कुणी विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं नसतं. उगीच बोलणी नकोत. सणासुदीला अव्वाचं मन कशाला दुखवायचं. असंच काहीतरी. हात सराईतासारखे चालत होते, आणि वाईट हेच होतं की त्या हातांना काही वेगळं करतोय असं वाटतच नव्हतं.

"चष्मा इसारलो बघ," मागून आवाज आला.

दिवाळीचे दिवस, घराची दारं पुढून मागपर्यंत सताड उघडी. यल्लाप्पा माजघर ओलांडून परसाच्या दारात उभा होता. त्याचं बोट धरून साक्षी. चष्मा माजघरात भिंतीशी पडलेला सापडला होता, तो त्याच्या हातातच होता. आता तो त्यानं डोळ्यावर चढवला आणि परातीकडं बघितलं.

शिवाप्पाच्या हातातली सोंगटी निसटून पाण्यात पडली.

"त्ये... रक्षितानं तेलकट हात लावलं," तो म्हणाला. "करंजीचं. सगळ्या बुळबुळीत झाल्या बघ. म्हनलं धुवून टाकाव्यात."

"मी न्हाय लावलं!" रक्षिता कुठूनशी धावत आली. "मी हातच न्हाय लावला, पप्पा!"

"गप!" शिवाप्पा तिच्यावर असा खेकसला की पोरगी जागीच थिजली. तिचा ओठ थरथरला आणि ती भोकाड पसरून आईकडं पळाली.

यल्लाप्पानं साक्षीचं बोट सोडलं. मग त्यानं पँट गुडघ्यापाशी वर ओढली, शिवाप्पाच्या शेजारी उकिडवा बसला आणि खिशातनं रुमाल काढला. "आण हिकडं. वल्या ठेवल्या तर पितळ काळं पडंल."

आणि तो सोंगट्या पुसायला लागला. एकेक उचलून, रुमालात घोळवून, बाजूला मांडत. साक्षीला वाटलं, हाही खेळाचाच भाग. तीही बसली आणि आपल्या नव्या फ्रॉकच्या घोळानं पुसायला लागली. "काका, बघा, तोंड दिसतंय ह्यात!" शिवाप्पा 'हो' म्हणाला. पाण्यातनं हात बाहेर काढायचं त्याला सुचेना. मागं दारात अव्वा येऊन उभी राहिली होती. सगळ्या सोंगट्या पुसून झाल्या तेव्हा यल्लाप्पा उठला, ओला रुमाल पिळला आणि म्हणाला, "येतो."

"यल्लाप्पा..."

"उद्या कचेरीत भेटू की."

दिवेलागणीला शिवाप्पा अव्वाजवळ जाऊन बसला. कुणावर तरी ओझं टाकल्याशिवाय त्याला श्वास घेता येईना. "तुझ्यापायी धुतल्या मी," तो म्हणाला. "तुला चाललं नसतं म्हून."

अव्वानं वात सारखी केली. "मी म्हनलं हुतं?"

"म्हनाली न्हाईस. पर बघत हुतीस."

"बघू बी नगं? डोळं काढून ठिवू? मला गोड वाटत न्हवतं, खोटं कशाला बोलू. माझं वय झालं, माझ्या मनाची सवय जायाची न्हाय. पर मी त्यास्नी घरात घेतलं, वाढू दिलं, गप बसलो. खेळल्याल्या सोंगट्यास्नी पाणी लावत न्हाईत, तुझ्या आज्जानं सांगितल्यालं. आज्जाला बी मोडलास, दोस्ताला बी. आनि वर माझं नाव घेतोस? त्या लहान लेकराचं बी घेतलास."

शिवाप्पा उठला आणि रक्षिताकडं गेला. ती रडून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत यल्लाप्पा नेहमीसारखाच वागला. चहा पाजला, फाईल मागितली, साहेबांची नक्कल केली. तो दोन शिव्या हासडता, तर शिवाप्पानं आनंदानं झेलल्या असत्या. रविवार जवळ आला तेव्हा मात्र यल्लाप्पा म्हणाला, "ह्या बारीला पावणं येणार हायत." पुढच्या खेपेला साक्षीची परीक्षा निघाली. त्यापुढं त्यानं काही सांगितलं नाही आणि शिवाप्पानं काही विचारलं नाही. बसव समितीची माणसं व्याख्यानाला बोलवायला आली, तर घसा बसलाय म्हणून त्यानं त्यांना परत पाठवलं. घसा खरंच बसला असता तर बरं झालं असतं. टपरीवर कुणी जातीचा विषय काढला की तो बशीतल्या चहावर फुंकर घालत बसायचा. घरी रक्षिता त्याच्या मांडीवर बसेना, आणि कुठं काही सांडलं की आधीच ओरडायची, "मी न्हाय!"

शेवटी एका रविवारी त्यानं न सांगताच लुना काढली. मनाशी वाक्य पक्कं केलं होतं. मी खोटं बोललो, पोरीनं हात लावला नव्हता, कुणी सांगितलं नसताना मीच धुतल्या. एवढंच. एवढं बोलायचं, मग यल्लाप्पानं थोबाडीत दिली तरी चालेल.

पण दारातच साक्षी. "भिडू आलं! आई, काका आलं!" तिनं त्याचा हात धरून आत ओढलं. सोनूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "या भावजी," त्या म्हणाल्या. नेहमी त्या "किती दिसांनी" किंवा "वैनी कशा हायत" असं काहीतरी जोडायच्या. त्या दिवशी "या भावजी" वरच थांबल्या. यल्लाप्पा वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं ते घडी करून ठेवलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली कॅलेंडरच्या पाठीवरचा पट पसरला गेला, कारण साक्षीला थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं.

डाव झाला. शिवाप्पाला दानं चांगली पडत होती, साक्षी जुगावर जुग बांधत होती. जिंकल्यावर ती नाचली. पोहे आले. शिवाप्पानं बशी हातात घेतली, पण घास तोंडात फिरायला लागला. दुसऱ्यांदा घेता का, असं सोनूबाईंनी विचारलं नाही. आता बोलायचं, असं त्यानं ठरवलं आणि बशी खाली ठेवली.

तेवढ्यात साक्षी आतनं पाण्यानं भरलेला तांब्या आणि परात घेऊन आली. काखेत पंचा. तिनं परात शिवाप्पापुढं ठेवली, प्लॅस्टिकच्या सोंगट्या तिच्यात ओतल्या आणि म्हणाली:

"काका, तुमच्यात खेळ झाला की सोंगट्या धुत्यात न्हवं? मी सगळं आणलंय. तुमी धुवा, मी पुसती."

सोनूबाई दारात थबकल्या.

शिवाप्पानं पोरीकडं बघितलं. पोरीच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं, नुसता उत्साह. आपल्या भिडूच्या घरची रीत आपण लक्षात ठेवली, याचा अभिमान. आता 'व्हय' म्हटलं की सुटका होती. पण तो सुटायला आला नव्हता.

"न्हाय बाळ," तो म्हणाला. "आमच्यात धुत न्हाईत. त्या दिवशी मीच..."

"का?" साक्षीनं विचारलं.

शिवाप्पानं तोंड उघडलं.

"तेलकट झालत्या त्या," यल्लाप्पा मधेच म्हणाला. जागेवरनं न हलता, शांतपणे. "रक्षितानं करंजीचं हात लावलं हुतं. म्हून धुतल्या. व्हय की न्हाय, शिवाप्पा?"

शिवाप्पानं त्याच्याकडं बघितलं. आपलं परसातलं खोटं, जसंच्या तसं, यल्लाप्पानं त्याच्यापुढं ठेवलं होतं. चष्म्यामागचे डोळे त्याच्यावरनं हलत नव्हते.

"व्हय," शिवाप्पा म्हणाला.

"हात्तिच्या," साक्षी म्हणाली. "मग ह्या कुठं तेलकट हायत? तशाच ठिवू?"

"तशाच ठेव," सोनूबाई म्हणाल्या. त्यांनी तांब्या उचलला आणि पाणी दारातल्या कुंडीत नव्हे, लांब गटारात नेऊन ओतलं.

यल्लाप्पा त्याला लुनापर्यंत सोडायला आला. गल्लीच्या तोंडाशी शिवाप्पा थांबला.

"मी खरं सांगायलाच आलतो, यल्लाप्पा."

"ठावं हाय मला. दारात आलास तवाच कळलं."

"मग का अडवलास?"

"तू सांगून मोकळा झाला असतास," यल्लाप्पा म्हणाला. "आनि तिनं काय करायचं हुतं त्याचं?"

शिवाप्पानं लुनाचं हँडल धरलं.

"तिला कळणार हाय. शाळंत कळंल, न्हायतर नोकरीत कळंल. आमास्नी बी कळलंच की." यल्लाप्पानं लुनाच्या सीटवरची धूळ हातानं झटकली. "पर तिच्या भिडूकडनं नको."

"मी येऊ नगं का आता?"

यल्लाप्पानं घराच्या दाराकडं बघितलं. "ती इचारतीया दर रविवारी. माझ्याजवळची कारणं संपल्यात," तो म्हणाला. "तिच्यापायी ये. माझं मी बघतो."

आणि तो वळून घराकडं गेला. दारात साक्षी उभी होती. तिनं तोंडाभोवती हात धरले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली:

"काका! पुढच्या रविवारी तुमच्या पितळंच्या सोंगट्या आणा की! मागच्या बारीला मीच पुसल्यात्या न्हवं? कसल्या चमकत हुत्या!"

"आणतो," शिवाप्पा म्हणाला. आवाज तिथवर पोचला नसावा, म्हणून त्यानं मान हलवली. मग तोंड फिरवून तो लुनाला पायडल मारायला लागला. पहिल्याच फटक्याला लुना सुरू झाली, तरी तो मारतच राहिला.